लिंक संपल्यानंतरचे वीस सेकंद

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सात वर्षं एका मराठी वाहिनीवर मुलांच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करताय, वय चौतीस, घरी पाच वर्षांची मुलगी. आता सिनेमा दिग्दर्शित करायचाय. आसपासचे म्हणतात, "तुला लोक ताई म्हणून ओळखतात, दिग्दर्शक म्हणून कोण उभं करणार?" तुम्हाला विचारायचंय ते एवढंच, की फिल्म स्कूलला जावं, कुणाकडे असिस्टंट म्हणून लागावं, की उशीर झाला म्हणून हा नाद सोडावा.

मीही सुरुवात मुलांच्याच कार्यक्रमात केली, पण कॅमेऱ्यामागे. आधी फ्लोअर मॅनेजरचा मदतनीस, म्हणजे हेडफोन लावून बोटांनी 'पाच, चार, तीन' दाखवणारा पोरगा. मग मालिका, मग सिनेमात एडी, म्हणजे सहायक दिग्दर्शक, मधली काही वर्षं नुसतं मुलांचं कास्टिंग, आणि शेवटी स्वतःचे दोन सिनेमे. एक पडला. दुसरा थिएटरात कुणी पाहिला नाही, पण टीव्हीवर लागला की फोन येतात. एवढ्या भांडवलावर जे कळलं ते सांगतो.

उशीर झालाय का, याचं उत्तर सोपं आहे म्हणून आधी देऊन टाकतो. नाही झाला. १९८२ साली ब्रिटनमध्ये आयटीव्ही या वाहिनीवर 'नंबर ७३' नावाचा शनिवार सकाळचा मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. एका घरात घडणारा, बराचसा थेट प्रक्षेपणाचा, धमाल गोंधळाचा. त्यात अँड्रिया अर्नोल्ड नावाची विशीतली मुलगी होती, पायात रोलर स्केट्स घालून घरभर फिरणारी. पुढे तिने मुलांचे आणखी कार्यक्रम केले. मग पडद्यावरचं काम सोडलं, लॉस एंजलिसला अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकली, मायदेशी परतून लघुपट करत बसली. १९९८ चा एक, २००१ चा एक, २००३ चा एक. तिसऱ्याला, 'वास्प'ला, २००५ मध्ये ऑस्कर मिळालं तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. पहिला मोठा सिनेमा 'रेड रोड' २००६ चा. त्याला कान महोत्सवात ज्युरी पुरस्कार, आणि तोच पुरस्कार पुढे 'फिश टँक' आणि 'अमेरिकन हनी'लाही.

आपल्याकडचं उदाहरण तर तुमच्या तोंडावर असेलच. सई परांजपे टीव्हीवरच्या ताई नव्हत्या, पण पुणे आकाशवाणीवर निवेदिका होत्या, मुलांचे कार्यक्रम करत होत्या, मुलांसाठी नाटकं लिहीत आणि बसवत होत्या. दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकल्या, मग दूरदर्शनवर कार्यक्रम आणि टेलिफिल्म केल्या, मुलांचे सिनेमे काढणाऱ्या सरकारी बालचित्र समितीसाठी 'जादू का शंख' आणि 'सिकंदर' केले. जन्म १९३८ चा, आणि पहिला मोठा सिनेमा 'स्पर्श' १९८० चा. हिशेब तुम्हीच करा.

या दोन्ही बायकांची नावं मी तुम्हाला धीर द्यायला घेत नाहीये. त्यांच्या मधल्या वर्षांकडे बघा. एकीनेही सूत्रसंचालनावरून थेट सिनेमात उडी मारलेली नाही. मधे लहान लांबीचं काम आहे, भरपूर, आणि ते करताना काहीतरी सोडून द्यायला शिकणं आहे. तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. 'ताई' ही प्रतिमा दोन वर्षांत पुसली जाते, प्रेक्षकांची स्मरणशक्ती आपल्याला वाटते तेवढी बळकट नसते. पण सात वर्षांची बोलायची सवय पुसायला वेळ लागतो.

म्हणजे काय ते सांगतो. स्टुडिओत तुम्ही उभ्या असता. समोर तीन कॅमेरे, ज्याचा लाल दिवा लागला तो तुमचा. कानात पीसीआरमधून, म्हणजे कंट्रोल रूममधून, प्रोड्युसरचा आवाज: "पुढची लिंक लांबव, ती नाचाची पोरं तयार नाहीयेत." तुम्ही ती लिंक, म्हणजे दोन भागांमधलं निवेदन, लांबवता. एखादा मुलगा कविता म्हणता म्हणता अडकतो. सगळा सेट गप्प. दोन सेकंद, तीन सेकंद. तुम्ही काय करता? तुम्ही लगेच पुढे होता, त्याच्या खांद्यावर हात ठेवता, "अरे वा, किती छान म्हणत होतास! याच्यासाठी जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!" पोरगं वाचतं, कार्यक्रम वाचतो. याला मी कमी लेखत नाही, हे फार मोठं कसब आहे. चांगली अँकर आणि वाईट अँकर यांतला फरक त्या तीन सेकंदांत कळतो.

पण सिनेमाच्या सेटवर ते तीन सेकंद हेच तुमचं चित्र असतं. मुलगा अडकलाय, त्याला आठवत नाहीये, कानाची पाळी लाल झालीये, तो छताकडे बघतोय. तिथे धावून गेलात की हातातलं गेलं. टीव्हीवर शांतता म्हणजे चूक, कुणीतरी झोपलंय असं समजून पीसीआरमध्ये ओरडाआरडा होते. सिनेमात दिग्दर्शक बोलायला लागला की प्रेक्षकाला बघायला काही उरत नाही. ही सवय नुसती सेटवर आडवी येत नाही, लिहिताना येते, एडिटला बसल्यावर येते. ज्यांनी वर्षानुवर्षं सूत्रसंचालन केलंय त्यांच्या पहिल्या पटकथेत एक पात्र हमखास असतं, जे बाकीच्यांना गोष्ट समजावून सांगतं. शहाणी आजी, प्रेमळ शिक्षिका, नाहीतर सरळ निवेदन. ती आजी म्हणजे लेखिका असते, माइक घेऊन.

मी स्वतः अँकर नव्हतो, पण त्या कार्यक्रमांत वाढलेला, त्यामुळे रोग तोच. माझा पहिला लघुपट बारा मिनिटांचा. मेहुण्याकडून उसने घेतलेले एक लाख चाळीस हजार रुपये त्यात घातले. गोष्ट साधी: सात वर्षांचा मुलगा दुकानातून सामान घेऊन येताना उरलेले पैसे हरवतो, आणि ते त्याला आईला सांगायचंय. पहिल्या दिवशी मी त्या मुलाला बाजूला घेऊन वीस मिनिटं समजावलं. तुला भीती वाटतेय, आई रागावेल असं वाटतंय, पण आईवर तुझा विश्वास पण आहे, वगैरे. पोरगं हुशार होतं. मान डोलावली, आणि शॉटला स्नेहसंमेलनातला हावभाव घेऊन आलं. डोळे मोठे, आवंढा गिळलेला, ओठ थरथरते, आणि वाक्य संपलं की झटकन माझ्याकडे बघायचं: बरोबर ना, दादा? चौदा टेक झाले. दर टेकला मी आणखी समजावलं.

रशेस, म्हणजे न कापलेलं शूटिंग, बघताना एडिटरने खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, "पोरगं कुठे बघतंय माहितीये का? तुझ्याकडे. चौदाच्या चौदा टेकमध्ये."

महिन्याने तो एक सीन पुन्हा शूट केला. या वेळी त्या मुलाला भीती हा शब्दच सांगितला नाही. कापडी पिशवीत तेलाचा डबा ठेवला, पिशवीचं तोंड सुतळीने बांधलं, आणि स्पॉटदादांना म्हटलं गाठ मारून त्यावर पाणी मारा. ओली सुतळी कशी बसते ते तुम्हाला माहीत असेल. मुलाला एवढंच सांगितलं, "डबा काढून आईला दे, आणि काढता काढता पैशाचं सांग." आईचं काम करणाऱ्या बाईंना वेगळं सांगितलं की काही झालं तरी मदत करायची नाही. रोल झाला. पोरगं गाठीशी झटायला लागलं. नखाने होईना, दाताने बघितलं. दहा सेकंद, वीस सेकंद. बाईंचा हात दोनदा पुढे आला आणि मागे गेला. चाळिसेक सेकंदांनी, गाठीवरची नजर न काढता, ते हळूच पुटपुटलं, "पैसे पडले." लिहिलेलं वाक्य मोठं होतं, ते विसरलं होतं. माझ्या घशापर्यंत 'कट' आलं होतं, ते मी कसं गिळलं मला माहीत. पूर्ण शॉट सिनेमात आहे, एकही कट न मारता. आणि बाईंचा तो पुढे येऊन मागे गेलेला हात, तो तर मी लिहिलाच नव्हता.

त्या दिवसापासून माझा नियम झालाय: मुलाला भावना सांगायची नाही, काम द्यायचं. आणि काम खरंच अवघड हवं, खोटं खोटं नको. मुलं लगेच ओळखतात.

अर्नोल्डबाई हेच फार पुढे नेतात. 'फिश टँक'ची नायिका केटी जार्विस कधी अभिनय न केलेली मुलगी. रेल्वे स्टेशनवर मित्राशी कडाकडा भांडताना कास्टिंगवाल्यांना दिसली. तिला पूर्ण पटकथा दिलीच नाही. शूटिंग गोष्टीच्या क्रमाने केलं, आणि पुढचं पान जसजसं लागेल तसं हातात दिलं. त्यामुळे पुढच्या आठवड्यात आपल्या पात्राचं काय होणार हे त्या मुलीलाही ठाऊक नव्हतं, मग ती ते आधीपासून चेहऱ्यावर दाखवणार तरी कशी? सगळ्यांशी गप्पा मारत हसवत ठेवण्याचं काम ज्या बाईने केलं, तीच बाई सेटवर माहिती लपवून ठेवायला शिकली. मला यात तिचा जुना व्यवसाय उलटा करून घातलेला दिसतो.

पण हे जसंच्या तसं उचलू नका. क्रमाने शूट करायचं म्हणजे एकाच लोकेशनवर चारचारदा जायचं, आणि आपल्या बजेटमध्ये निर्माता पहिल्याच मीटिंगला हात जोडेल. शिवाय लहान मुलांपासून गोष्ट लपवा, त्यांच्या आईवडिलांपासून लपवू नका. मी पालकांना सगळी पटकथा वाचून दाखवतो, त्यातला सर्वांत वाईट प्रसंग आधी. एकदा एका वडिलांनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. वाईट वाटलं, पण शूटिंगच्या तिसऱ्या दिवशी म्हणाले असते तर?

सूत्रसंचालन टाकून द्यायचं असंही नाही. सई परांजपेंच्या 'चश्मेबद्दूर'मधला चमको पावडरचा प्रसंग पुन्हा बघा, या वेळी फक्त धंद्याच्या नजरेने. दीप्ती नवल दारोदार कपडे धुण्याची पावडर विकतेय, फारुख शेख दार उघडतो. तिचं बोलणं म्हणजे अख्खी अँकर लिंक आहे: पाठ केलेली, ठेक्यातली, सगळ्या गिऱ्हाइकांना तीच. सईबाईंनी ती लिंक काढून टाकली नाही, उलट पूर्ण वाजवून घेतली. पण आपण बघत काय असतो? पावडर नाही. त्या दोघांचं अवघडलेपण. तोंडाने जाहिरात चाललीये आणि डोळ्यांनी दुसरंच काहीतरी. माइकसमोर बसून, मुलांशी बोलून ज्यांनी वर्षं काढली त्यांना पाठ केलेल्या बोलण्याच्या खाली काय वाहतं हे बरोबर ठाऊक असतं. तुमच्याकडे ही खाण आहे. सात वर्षांत तुम्ही किती वेळा ताप असताना, भांडण करून आलेल्या असताना, "चला तर मग बालमित्रांनो" म्हटलं असेल! त्याच्यावर लिहा की.

आता तुमच्याकडे जे आहे आणि फिल्म स्कूलमधून आलेल्या पोरांकडे बहुतेक नसतं, त्याबद्दल. मूल कधी दमतं हे तुम्हाला घड्याळाशिवाय कळतं. पालकांपैकी कोण सेटवर थांबू द्यायचं आणि कुणाला चहाला पाठवायचं हे कळतं. वीस मुलांच्या घोळक्यात कॅमेरा विसरलेलं मूल कोणतं ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं, आणि बहुधा ते मूल पुढे पुढे करणारं नसतं. कास्टिंगच्या वर्षांत मी हे शिकायला दोन सिनेमे घालवले. 'फँड्री'चा सोमनाथ अवघडे काय किंवा 'नाळ'चा श्रीनिवास पोकळे काय, असं मूल सापडणं ही अर्धी पटकथा असते.

एक गोष्ट मात्र वाहिनीवर बहुतेक तुमच्यापर्यंत आली नसेल, कारण ते प्रॉडक्शनवाले बघतात. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे मुलाला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम करायला लावता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपलीकडे नाही. ज्या जिल्ह्यात शूटिंग असेल तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने काढायची, दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस ठेवायचा, आणि मानधनातले किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून टाकायचे. दिग्दर्शकासाठी यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ पहिली. बारा तासांच्या शिफ्टमध्ये तुमचं मुख्य पात्र पाचच तास आहे. म्हणजे मास्टर शॉट (अख्खा प्रसंग एकत्र दिसतो तो), मुलाचा क्लोज (जवळून चेहरा), मुलाचं रिअ‍ॅक्शन आधी, आणि मोठ्यांचे क्लोज त्याला घरी पाठवून, त्याच्या जागी डोळ्यांच्या उंचीवर काठीला चिकटपट्टी लावून, म्हणजे मोठ्यांनी तिकडे बघून बोलायचं. मोठे नट कुरकुरतात. कुरकुरू देत.

आता फिल्म स्कूल की असिस्टंट. इथे मी ठाम सांगणार नाही, कारण ते तुमच्या घरावर अवलंबून आहे. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म स्कूलमध्ये दिग्दर्शनाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. पदवी लागते, प्रवेश परीक्षा असते. तिथे शिक्षकांइतकंच बरोबरची पोरं शिकवतात: कॅमेऱ्याचा, साउंडचा, एडिटिंगचा प्रत्येकी एक मित्र आयुष्यभरासाठी मिळतो. पण घरी पाच वर्षांची मुलगी आणि घरात तुमच्या पगारावर काही हप्ते चालू असतील, तर तीन वर्षं ही चैन आहे, हे स्पष्ट बोललं पाहिजे. एखादा काही महिन्यांचा पटकथेचा किंवा एडिटिंगचा अभ्यासक्रम मिळाला तर घ्या. दोन्हींतून निवडायचं झालं तर मी एडिटिंग म्हणेन. बोलणाऱ्या माणसाला गप्प करण्याची ताकद एडिट टेबलाइतकी कशातच नाही.

असिस्टंट व्हायचं तर एका सिनेमापुरतं व्हा, पहिल्या तयारीपासून शेवटच्या पॅचवर्कपर्यंत, म्हणजे राहिलेलं किरकोळ शूटिंग संपेपर्यंत. त्यात कॉलशीट (कुणी कधी कुठे यायचं) कळते, कंटिन्युइटी (एक शॉट दुसऱ्याशी जुळवणं) कळते, भांडणं कशी मिटवायची ते कळतं. दिग्दर्शन त्यातून फारसं कळत नाही, कारण फर्स्ट एडीचं काम दिवस संपवणं हे आहे आणि दिग्दर्शकाचं काम कधीकधी दिवस लांबवणं. आणि एक सापळा सांगून ठेवतो. तुम्ही मुलांची ताई म्हटल्यावर कुठलंही प्रॉडक्शन तुम्हाला आनंदाने घेईल, पण मुलं सांभाळायला. गोळ्या-बिस्किटं, डायलॉग पाठ करून घेणं, शॉटआधी हसवणं किंवा रडवणं. मी चार वर्षं त्यात अडकलो. एका निर्मितीसंस्थेने तर सबंध सिनेमातली अकरा मुलं माझ्याकडून तयार करून घेतली आणि श्रेयनामावलीत 'विशेष आभार'मध्ये नाव टाकलं, तेही चुकीचं. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगा: कंटिन्युइटी किंवा क्लॅप द्या, मुलं दुसरं कुणीतरी बघेल. पगार कमी मिळेल. चालेल.

दुसरं अवलंबून आहे ते यावर, की तुम्हाला मुलांसाठीचा सिनेमा करायचाय की मुलांबद्दलचा. तुमच्या प्रश्नात हे दोन्ही एकत्र झालेत. 'किल्ला', 'फँड्री', 'टिंग्या' हे मुलांबद्दलचे सिनेमे, पण प्रेक्षक मोठी माणसं. मुलांसाठीचा सिनेमा ही आपल्याकडे पोरकी जागा आहे. बालचित्र समिती १९५५ ची, ती २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली, आणि थिएटरवाले मुलांच्या मराठी सिनेमाला सकाळचा खेळ देतात तेव्हा मुलं शाळेत असतात. तुमच्या सात वर्षांमुळे लोक तुम्हाला मुलांसाठीच्या बाजूला ढकलतील. तिथे जायचं असेल तर जरूर जा, फार गरज आहे. पण ढकललं म्हणून जाऊ नका. अर्नोल्डने एकही मुलांचा सिनेमा केलेला नाही. 'वास्प' चार लेकरांच्या एकट्या आईची गोष्ट आहे, हातात दमडी नाही आणि जुना मित्र भेटायला बोलावतो तेव्हा ती काय करते याची. पोरं पबच्या बाहेर ताटकळत बसलेली असतात. मुलं कंटाळतात कशी, भुकेली असली की कशी वागतात, मोठं भावंड धाकट्यांना कसं रेटतं, हे सगळं त्यात इतकं अचूक आहे की पाहताना आपल्याला उठून आत जावंसं वाटतं. मुलांबरोबर वर्षं काढलेल्या माणसाचा तो सिनेमा आहे. पण मुलांनी बघण्याचा नाही.

लघुपटाला 'नुसता सराव' समजू नका, हेही त्यातच आलं. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' आधी आला, त्याला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग 'फँड्री' उभा राहिला. निर्मात्याला तुमच्या तोंडची गोष्ट ऐकायची नसते. तुम्ही ती फारच छान सांगाल, हीच अडचण आहे! तुम्ही ऐकवलीत की तो म्हणेल, "मॅडम, तुम्हीच करा ना यात काम." म्हणून गोष्ट ऐकवू नका, पंधरा मिनिटं दाखवा.

तुमच्या ओळखीच्या चेहऱ्याबद्दलही थोडं. गावात, शाळेत परवानगी लगेच मिळेल, मुख्याध्यापक स्वतः चहा सांगतील. पण पोरं तुम्हाला ओळखतील आणि टीव्हीतल्यासारखी वागायला लागतील. शूटिंगआधी तीन-चार दिवस नुसतं जाऊन बसा. वहीत काहीतरी लिहीत राहा. 'बालमित्रांनो'वाला आवाज काढायचा नाही, कुणी कौतुकाने कविता म्हणून दाखवली तरी "हं" म्हणायचं. दुसऱ्या दिवशी त्यांचा तुमच्यातला रस संपतो आणि तिसऱ्या दिवशी त्यांचं खरं भांडण सुरू होतं. तेव्हा कॅमेरा काढा.

या सगळ्याआधी एक काम आहे, त्याला पैसा लागत नाही आणि नोकरीही सोडावी लागत नाही. तुमच्या कार्यक्रमाचं कच्चं फुटेज मागा, प्रक्षेपित झालेलं नको. प्रत्येक लिंकनंतर तुम्ही गप्प होता, फ्लोअर मॅनेजर 'ओके' म्हणतो, पण कॅमेरे लगेच बंद होत नाहीत. पंधरा-वीस सेकंद फुटेज चालूच राहतं. त्या वीस सेकंदांत मुलं काय करतात ते बघा. कुणी मोजे वर ओढतं, कुणी आपल्या आईला शोधतं, मघाशी टाळ्या मिळालेला मुलगा टाळ्या न मिळालेल्याकडे चोरून बघतो. आवाज बंद करून बघा. मग त्यातलं एक मूल निवडा, आणि ते त्या दिवशी घरी गेल्यावर काय झालं असेल याची पाच मिनिटांची गोष्ट लिहा. कार्यक्रम चांगला झाला की वाईट हे कुणीही बोलून दाखवायचं नाही. फोनवर शूट करा, एखाद्या नवख्या एडिटरबरोबर बसा, तुम्हाला सगळ्यात आवडलेली ओळ आधी कापायला सांगा.

आणि फुटेज मागायचं ते या आठवड्यातच. हल्ली हार्ड डिस्क भरली की जुनं उडवतात, आमच्या वेळी टेपा पुसून पुन्हा वापरायचे. मुलांच्या कार्यक्रमातल्या माझ्या सहा वर्षांची एकच टेप माझ्याकडे उरलीये, आणि तिच्यावरही निम्म्यानंतर कुणाच्या तरी लग्नाचं सीमांतपूजन आहे.